वापर

माझं आडनाव सरनोबत.
म्हणजे घोडदळाचा सेनापती.
मी स्प्लेंडरवर फिरतो, पाठीवर विम्याच्या फॉर्मांची पिशवी,
आणि घोड्याच्या मागं उभं राहू नये
एवढंच मला घोड्यांबद्दल ठाऊक.

रंकाळ्याच्या मागे, म्हशींच्या गोठ्याला लागून
गौसभाई नालबंदांची पागा. पत्र्याची, दोन खणांची.
एका खणात साळुंकी.
दुसऱ्यात खोगीर, जरीची झूल,
आणि बँडवाल्यानं ठेवायला दिलेला, मग न्यायचाच विसरलेला ढोल.

पहिल्या वर्षी फॉर्म भरला.
रंग? कुमैत.
वय? गौसभाईंनी तिचा ओठ वर केला,
म्हणाले, मोजा.
मी न मोजता सात लिहिलं.
ओळखीच्या खुणा?
चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, पंचकल्याणी.
आणि गळ्यावर हा भोवरा. देवमण.
"ह्ये नीट लिवा, साहेब. ह्यो असला
की धनी वाऱ्यावर पडत न्हाई."
रकाना दीड इंचाचा.
मी लिहिलं: गळा, भोवरा १.
धनी राहून गेला.

वापर?
वराती. सुट्टीत रंकाळ्यावर पोरांच्या फेऱ्या.
किंमत एक लाख दहा हजार.
हप्ता त्यांनी दहा-वीसच्या, पन्नासच्या नोटांत दिला,
नवरदेवांवरून ओवाळलेल्या,
काहींना अजून कुंकू.

वैशाखात, राजारामपुरीत,
डॉल्बीची भिंत तिच्या बरगड्यांपासून चार हातांवर सुरू झाली.
नवरदेव खाली आला, फेट्यासकट, धड.
साळुंकी उधळली नाही.
जागेवर उभी राहिली, कातडी नुसती हलत होती
जसं तळ्यावरचं पाणी हलतं, तळ न हलता.
रात्री दोनला टेम्पोत घालून घरी आणली.
तेव्हापासून पागेच्या उंबऱ्याबाहेर
पाय टाकत नाही.

मी पॉलिसी वाचली, बारीक अक्षरासकट.
आग आहे. पूर आहे. वीज, सर्पदंश,
दंगलसुद्धा आहे.
भीती नाही.
डॉक्टरनं लिहून दिलं: पाय शाबूत, डोळे शाबूत,
फुप्फुस स्वच्छ.
"म्हंजे मेली असती तर लाख?"
लाख दहा, मी म्हणालो,
आणि जीभ चावली.
गौसभाई खराऱ्यात अडकलेले केस काढत राहिले, एकेक.
"मग मेली न्हाई ही चूक कुणाच्या नावावर टाकताय?
तिच्या का माझ्या?"

आता ते रात्री एका एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसतात.
हरभरा त्या पगाराचा.
नाल मात्र दीड महिन्याला स्वतः काढतात, खूर तासतात,
तीच नाल पुन्हा ठोकतात.
चालली नाही तरी खूर वाढतोच, म्हणाले.
हे मला नवीन होतं.

परवा नूतनीकरण. मी टाळणार होतो.
म्हणालो, गौसभाई, कमाई नाही तर हप्ता कशाला?
ते नोटा मोजत होते. या वेळी कोऱ्या,
कडा बोटाला लागतील अशा.
पत्र्याच्या फटीतून ऊन येऊन
तिच्या कानातल्या बिल्ल्यावर पडलं होतं,
नंबर वाचता येत होता.
"जिती हाय न्हवं," म्हणाले.

वापर?
मी थांबलो. हा रकाना रिकामा सोडता येत नाही.
मशीन पुढं सरकतच नाही.
त्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं कान फिरवला,
एकच, त्यांच्या बाजूचा.
"लिवा: उभी असती."

लिहिलं. उभी असते.
खुणांच्या रकान्यात देवमणही पूर्ण लिहिला यंदा,
धन्यासकट. समासात गेला. जाऊ दे.

पुण्याच्या ऑफिसातून फोन आला:
सरनोबत, हा वापर यादीत नाही.
मी म्हणालो, खाली बघा,
अगदी शेवटी 'इतर' असेल.